आमची तुंबलेली मोरी, एक एक्सेल शीट आणि खालचे चाचा



विषय जरा घाण आहे. जेवता जेवता वाचत असाल तर आधी जेवून घ्या, मी थांबतो.

तर झालं असं. ऑक्टोबर २०२२, दिवाळी संपून चार दिवस झाले होते. शनिवारची सकाळ. स्वयंपाकघरातून सासूबाईंची हाक आली, म्हणजे हाक कसली, किंकाळीच. जाऊन बघतो तर मोरीतल्या नहाणी ट्रॅपच्या जाळीतून पाणी वर येतंय, आणि त्या पाण्याबरोबर कोळंबीची सालं. आमच्या सासूबाई अंड्याचा केकसुद्धा खात नाहीत. त्यांच्या मोरीत कोळंबी! त्या दिवशी घरात चूल पेटली नाही. मी खालच्या कॅफेटेरियातून पराठे आणि चहा आणला आणि नातूरला फोन केला. (नवीन आलेल्यांसाठी: नातूर म्हणजे इमारतीचा वॉचमन-कम-सर्वेसर्वा.)

आम्ही राहतो दुबईत करामामध्ये, जुन्या जी प्लस थ्री इमारतीत. खाली दुकानं, वर तीन मजले, लिफ्ट नाही. आधी चार वर्षं आम्ही ह्याच इमारतीत तिसऱ्या मजल्यावर होतो. सासूबाई राहायला येणार आणि त्यांचे गुडघे दुखतात म्हणून सप्टेंबर २०२२ मध्ये पहिल्या मजल्यावर उतरलो. तिसऱ्या मजल्यावर चार वर्षांत आमचं सिंक एकदाही तुंबलं नव्हतं. आणि इथे येऊन दोन महिने होत नाहीत तोवर हे.

प्लंबर आला, लांब स्प्रिंग फिरवली, "साब, लाइन चोक थी, अब किलियर है" म्हणाला, दीडशे दिरहम घेऊन गेला. डिसेंबरात पुन्हा तेच. जानेवारीत दोनदा. प्रत्येक वेळी तोच प्लंबर, तीच स्प्रिंग, तेच वाक्य.

आता आम्ही आयटीवाले. सर्व्हर हँग झाला की रीस्टार्ट मारायचा, आणि चौथ्यांदा हँग झाला की मग लॉग बघायचा, ही आमची रीत. म्हणून मी एक एक्सेल शीट उघडली. तारीख, वार, वेळ, कुठून पाणी आलं, पाण्यात काय होतं, त्या दिवशी वरच्यांकडे काही विशेष होतं का. बायको म्हणाली, "गटाराची डायरी लिहिणारा नवरा माझ्याच नशिबी." ह. घ्या.

इमारतीत मात्र सगळ्यांना दोषी कोण ते आधीच माहीत होतं. खालचा कॅफेटेरिया. तिथे दिवसभर तळण चालू असतं, पराठे, समोसे, ऑम्लेट. चालवतात एक मलबारी चाचा, वीस वर्षं त्याच गाळ्यात आहेत. तिसऱ्या मजल्यावरच्या कोल्हापूरच्या काकांनी पुढाकार घेतला आणि फेब्रुवारी २०२३ मध्ये सगळ्या भाडेकरूंच्या सह्यांचं एक पत्र मालकाच्या ऑफिसला गेलं: कॅफेटेरियाच्या तेलामुळे ड्रेनेज तुंबतं, योग्य ती कारवाई करावी. पत्र इंग्रजीत, चांगल्या भाषेत, मुद्देसूद. कारण त्याचा मसुदा मी लिहिला होता.

पत्राचा परिणाम असा झाला की चाचांच्या गाळ्याचा करार त्या वर्षअखेर संपत होता आणि ऑफिसमधला माणूस त्यांना म्हणाला, भाडेकरूंची तक्रार आहे, नूतनीकरणाचं बघू. हे मला चाचांनीच सांगितलं, चहा ओतता ओतता. मी मान हलवली आणि ग्लास घेऊन वर आलो.

इकडे शीट भरत होती. मार्चअखेर आणि एप्रिलमध्ये, म्हणजे रमजानात, दोनदा. मग मे ते सप्टेंबर एकदाही नाही! मला वाटलं पत्राचा गुण आला. ऑक्टोबर २०२३ मध्ये एकदा, आणि दिवाळी (१२ नोव्हेंबर) झाल्यावरच्या शनिवारी पुन्हा. एकूण आठ नोंदी. त्यातल्या सात शनिवार-रविवारच्या.

इथे मी अडखळलो. कॅफेटेरियाची गर्दी असते आठवड्याच्या कामाच्या दिवसांत, ऑफिसवाल्यांची. शनिवार-रविवार तिथे शुकशुकाट. आणि रमजानात तर दिवसा त्यांचं किचन जवळपास थंडच. मग तुंबणं नेमकं तेव्हाच का? शनिवार-रविवारी कोण स्वयंपाक करतं? आपण. कोळंबी कोण सोलतं, मशीनला दोन-दोन लोड कोण लावतं? आपण.

आणि उन्हाळ्यात का नाही? ह्याचं उत्तर इथे राहणाऱ्या कोणालाही सुचेल. जुलैत इथे थंड पाण्याचा नळ सोडला तरी गच्चीवरच्या टाकीतलं चटका देणारं पाणी येतं. त्या पाण्यात तेल-तूप पातळ राहतं आणि वाहून जातं. शिवाय अर्धी इमारत सुट्टीवर भारतात. डिसेंबरात पाणी गार होतं आणि तूप जसं डब्यात थिजतं तसं पाईपात थिजतं.

तिसरी गोष्ट तर इतकी सोपी होती की इंजिनिअरिंगची डिग्री परत करावीशी वाटली. कॅफेटेरिया तळमजल्यावर, आम्ही पहिल्या मजल्यावर. पाणी खालून वर चढत नाही. कॅफेटेरियाची लाइन तुंबली असती तर आधी त्यांच्याच फरशीवर पाणी आलं असतं. आठ वेळांत एकदाही आलं नव्हतं. हे मी पत्र लिहिण्याआधी, चहा पिता पिता, नुसतं खाली बघून ओळखायला हवं होतं.

मग मागच्या गल्लीतलं चेंबर उघडून बघायचं ठरलं. मंडळी, ही चाचणी लक्षात ठेवा, फुकट आहे आणि अर्ध्या भांडणांचा निकाल लावते. घरात पाणी वर येत असताना बाहेरचं चेंबर तुडुंब भरलेलं असेल, तर अडथळा चेंबरच्या पुढे आहे, म्हणजे रस्त्याच्या लाइनमध्ये किंवा जिथे टाकी आहे तिथे टाकीत. चेंबर रिकामं असेल, तर अडथळा घर आणि चेंबर ह्यांच्या मध्ये. फक्त एकच सिंक तुंबलं असेल तर ते त्या सिंकच्या खालचं काम. आणि तुम्ही नळ बंद ठेवूनही पाणी चढत असेल तर ते वरच्यांचं पाणी आहे, तुमचा पाईप कितीही खरवडा, उपयोग नाही.

झाकण आपण उघडायचं नाही, माहितगार माणसाकडून उघडून घ्यायचं, आणि लांबून बघायचं. कॅमेरावाल्यांची टीम आली होती, त्यातला एक पोरगा, असेल बावीस-तेवीसचा, झाकण सरकवून सरळ एक पाय आत टाकून उतरायला लागला. त्यांच्या म्होरक्याने कॉलर धरून मागे ओढला आणि पंजाबीत अशी काही आरती केली की तीन मजल्यांच्या खिडक्या उघडल्या. बरोबरच केलं. गटारात हायड्रोजन सल्फाइड साठतो. थोडा असतो तेव्हा सडक्या अंड्यासारखा वास येतो, पण प्रमाण वाढलं (साधारण दहा लाखात शंभर भाग) की नाकाची वास घ्यायची शक्तीच मरते. माणसाला वाटतं वास गेला, म्हणजे गॅस गेला. आणखी वाढला की माणूस कोसळतो, आणि त्याला काढायला उतरणारा दुसराही. आपल्याकडे ह्या कामासाठी माणूस उतरवण्याविरुद्ध २०१३ चा कायदा आहे, २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मृतांच्या कुटुंबांना दहा लाख रुपये द्यायला सांगितले, २०२३ मध्ये ती रक्कम तीस लाख केली. तरी बातम्या थांबत नाहीत. आणि मुंबईकरांना २९ ऑगस्ट २०१७ आठवत असेल: डॉ. दीपक अमरापूरकर पावसात चालत घरी निघाले होते आणि उघड्या मॅनहोलमध्ये पडून गेले. तेव्हा नातूरला "जरा उतरून बघ रे" असं कधी म्हणू नका. तो नाही म्हणणार नाही, हीच भीती.

असो. आमचं चेंबर रिकामं होतं. तळाशी स्वच्छ धार, कॅफेटेरियाच्या बाजूने येणारी. चाचांच्या लाइनला वेगळा ग्रीस ट्रॅप आहे, तो ठरावीक दिवसांनी उपसला जातो, त्याची वही त्यांच्याकडे आहे (दुबईत हॉटेल-कॅफेटेरियांना ग्रीस ट्रॅप सक्तीचा आहे), आणि त्यांची लाइन आमच्या लाइनला लागतच नाही, थेट चेंबरला येते.

मग कॅमेरा आमच्या बाजूने घातला. आमच्या तिन्ही मजल्यांच्या स्वयंपाकघरांचा उभा पाईप खाली येतो आणि तळमजल्याच्या दुकानांच्या फॉल्स सीलिंगवरून आडवा सात-आठ मीटर जातो. ते दुकान म्हणजे सलून, एसी दिवसभर अठरावर. म्हणजे गरम तेलकट पाणी वरून येतं आणि थंडगार छतावर आडवं पडतं. त्यात पाईपाला धरून ठेवणारी एक पट्टी गंजून सुटलेली, त्यामुळे मधोमध पाईप लोंबून पोट आलेलं. चार इंची आडव्या पाईपाला मीटरमागे साधारण दीड-दोन सेंटीमीटर उतार लागतो. इथे उतार सोडा, चढ झाला होता. स्क्रीनवर चार इंची पाईप दिसतच नव्हता. वर दोन बोटं फट आणि बाकी सगळं पिवळट पांढरं, कडक, शेवाळलेल्या साबणाच्या वडीसारखं.

साबण हा शब्द उगाच नाही वापरला. तेलातली आम्लं आणि पाण्यातलं कॅल्शियम मिळून खरोखरच एक प्रकारचा साबण होतो, न विरघळणारा. लंडनमध्ये २०१७ साली व्हाइटचॅपलच्या गटारात असा एक गोळा सापडला, २५० मीटर लांब, १३० टन वजनाचा. त्याचा एक तुकडा पुढे म्युझियममध्ये ठेवला. आमचा तुकडा नातूरने पिशवीत घालून कचऱ्यात टाकला. स्प्रिंग फिरवल्यावर ह्या थरात फक्त एक भोक पडायचं, पाणी जायचं, प्लंबर "किलियर" म्हणायचा, आणि महिन्याभरात भोक बुजायचं. प्लंबरची लबाडी नव्हती. आपण पाणी काढायला सांगितलं, त्याने पाणी काढलं.

आता माझी गोष्ट. चार दिवाळ्या आम्ही तिसऱ्या मजल्यावर काढल्या. चकल्या, शेव, अनारसे, सगळं घरी. उरलेलं तळणाचं तेल कोण ओतायचं? मीच. सिंकमध्ये. वरून किटलीभर उकळतं पाणी आणि डिशवॉशचा सढळ फवारा, म्हणजे पाईप साफ राहतो असा माझा पक्का समज. गरम पाण्याने तेल पुढे जातं हे खरं आहे. पुढे म्हणजे कुठे, तर जिथे पाणी गार होतं तिथे. सलूनच्या छतावर. आमचं सिंक चार वर्षं तुंबलं नाही ह्याचं कारण इतकंच की आम्ही वर होतो. पहिल्या मजल्यावर त्या वेळी एक फिलिपिनो कुटुंब राहायचं. त्यांच्या दारात बादल्या आणि मॉप मी जाता-येता कितीदा बघितले असतील. "ह्यांना सारखी साफसफाईची हौस," असं बायकोला म्हणालेलोही आठवतं.

रेकॉर्डिंग घेऊन मी कोल्हापूरच्या काकांकडे गेलो. काका पाच मिनिटं गप्प होते. मग म्हणाले, "तांबडा रस्सा माझ्याच घरचा दिसतोय." आम्ही दोघांनी नवीन पत्र लिहिलं, कॅमेऱ्याची सीडी जोडली (हो, सीडी, ऑफिसला तीच हवी होती), आधीची तक्रार चुकीची होती असं स्पष्ट लिहिलं. सह्या गोळा करायला ह्या वेळी जास्त दिवस लागले. पहिल्या पत्रावर दोन संध्याकाळींत नऊ सह्या, दुसऱ्यावर बारा दिवसांत सात. डिसेंबर २०२३ मध्ये चाचांचा करार नवा झाला.

पैशांचं म्हणाल तर: दुबईच्या भाडेकायद्यात (२००७ चा २६ क्रमांकाचा, कलम १६) करारात वेगळं ठरलं नसेल तर देखभाल मालकाची. पण करारात बहुतेक वेळा "किरकोळ दुरुस्ती भाडेकरूची" असं वाक्य असतं, आणि स्प्रिंगचे दीडशे दिरहम नेहमी त्या किरकोळमध्ये बसतात. म्हणून कोणी खोलात जात नाही. कॅमेऱ्याचे साडेसातशे आम्ही नऊ घरांत वाटून घेतले, आणि रेकॉर्डिंग समोर ठेवल्यावर पाईपाचं पोट हे किरकोळ नाही हे ऑफिसनेही मान्य केलं. मालकाने पट्ट्या बदलून उतार नीट केला, हाय प्रेशर जेटिंग करून दिलं, आणि आडव्या पाईपाच्या तोंडाशी एक क्लीनआउट बसवला, म्हणजे पुढच्या वेळी आमची मोरी उखडायला नको. जेटिंग आता वर्षातून दोनदा होतं, दिवाळीनंतर आणि ईदनंतर. तेलासाठी नातूरच्या खोलीबाहेर एक मोठा कॅन ठेवलाय, प्रत्येकाने गार झालेलं तेल बाटलीत भरून तिथे आणायचं. वापरलेलं तेल इथे विकत घेणारे आहेत. २०११ पासून मॅकडॉनल्ड्सच्या इथल्या गाड्या त्यांच्याच तळणाच्या तेलापासून केलेल्या बायोडिझेलवर धावतात. आमचा कॅन चाचांच्या तेलाबरोबर जातो. कढई-तवा धुण्याआधी टिश्यूने पुसायचा, सिंकला बारीक जाळी, शिळा भात कचऱ्यात. बाटलीतलं ॲसिड ओतायचं नाही. त्याने थर जात नाही, ते पोटात साचून राहतं आणि पुढच्या प्लंबरच्या तोंडावर उडतं.

शारजा, अजमान किंवा जुन्या विलांत राहणाऱ्यांचं प्रकरण वेगळं असू शकतं. तिथे तेलाइतकाच मुळांचा विचार करा. कुंपणाला लावलेला दमास (कोनोकार्पस) हिरवागार दिसतो, पण त्याची मुळं पाण्याच्या शोधात पाईपाच्या सांध्यात शिरतात. झाड कापलं तरी आतलं मूळ कॅमेऱ्याशिवाय दिसत नाही. अंगण धुताना वाळू चेंबरमध्ये लोटू नका, ती तळाशी सिमेंटसारखी बसते. आणि टाकी-टँकरवाल्या घरांनी टँकर कधी येतो ते लिहून ठेवावं. बऱ्याचदा पाईपात दोष नसतोच, टाकी लाँग वीकेंडच्या आदल्या दिवशी भरलेली असते एवढंच. टँकरवाला मैला कुठे नेऊन टाकतो हेही बघावं. जुन्या मंडळींना २००८ आठवत असेल. अल अवीरच्या प्लांटबाहेर टँकरच्या तासन् तास रांगा, आणि कंटाळलेले ड्रायव्हर पावसाच्या नाल्यात टँकर मोकळे करायचे. ते सगळं जुमेराच्या किनाऱ्यावर, सेलिंग क्लबपाशी, समुद्रात आलं होतं.

आता राहिला पाऊस. १६ एप्रिल २०२४. १९४९ पासूनच्या नोंदींतला सगळ्यात मोठा, अल ऐनजवळ चोवीस तासांच्या आत २५४ मिलिमीटर. त्या दिवशी माझ्या सगळ्या थिअरीची उलटी बाजू दिसली. आमची मोरी कोरडी, आणि चाचांच्या फरशीतून कारंजं. रस्त्याची लाइनच भरली होती, म्हणून पाणी सगळ्यात खालच्या तोंडातून वर आलं. पावसाचं आणि मैल्याचं जाळं दुबईत वेगवेगळं आहे, पण रस्त्यावरचं पाणी लवकर उतरावं म्हणून लोक मैल्याच्या चेंबरची झाकणं उघडतात, आणि मग पाऊस कोणाच्या तरी संडासातून बाहेर पडतो. अशा उलट्या पाण्याला उपाय म्हणजे नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह. पाणी बाहेर जाताना झडप उघडते, मागे यायला लागलं की मिटते. तळमजल्याच्या आणि विलाच्या लाइनला जरूर बसवा. दोन गोष्टी मात्र विक्रेता सांगत नाही. झडप मिटलेली असताना तुमचंही पाणी बाहेर जात नाही, तेव्हा नळ बंद. आणि झडपेत केस-तेल अडकलं की ती अर्धवट उघडी राहते, तेव्हा दर काही महिन्यांनी उघडून धुवायची. आमच्यासारख्या मधल्या मजल्याला तिचा उपयोग नाही. वरच्यांचं पाणी झडपेच्या आतल्याच बाजूला येतं.

मोठी कामं चालू आहेत. अबू धाबीने ४१ किलोमीटरचा खोल बोगदा केला, म्हणजे पंपांऐवजी उतारावर मैला वाहावा. दुबईने २०२३ मध्ये तशाच बोगद्यांसाठी ८० अब्ज दिरहम मंजूर केले आणि २०२४ च्या पावसानंतर पावसाच्या पाण्यासाठी आणखी ३० अब्ज. होऊ देत. सलूनच्या छतावरचे आमचे आठ मीटर त्यात धरलेले नाहीत.

त्या १६ एप्रिलला संध्याकाळी तिन्ही मजल्यांची माणसं बादल्या घेऊन कॅफेटेरियात होती. सासूबाई वरून जिन्यात उभ्या राहून सूचना करत होत्या. चाचा फ्रीजवर बसून म्हणाले, "देखा, बिल्डिंगवाले कितने अच्छे हैं." कोल्हापूरचे काका माझ्याकडे बघत होते, मी बादलीकडे. पहिल्या पत्राचा मसुदा कोणी लिहिला हे मी त्यांना अजून सांगितलेलं नाही.

ता. क. उन्हाळ्यात सुट्टीवर जाणाऱ्यांसाठी: घर बंद असलं की नहाणी ट्रॅपमधलं पाणी दोन-तीन आठवड्यांत आटतं, मग गटाराचा वास आणि झुरळं सरळ घरात. जाताना सगळ्या ट्रॅपमध्ये तांब्याभर पाणी ओता आणि जाळीवर प्लास्टिकची जाड पिशवी, वर पाटा-वरवंटा काय जड असेल ते ठेवा. परत आल्यावर काढायला विसरू नका, मी विसरलो होतो.